आधी विद्यापीठ, मग दूतावास

गुरुग्राममधल्या एका कंपनीत परदेशी नेमणुकांचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे. कोणी सिंगापूरला निघतो, कोणी म्युनिकला, कोणी दुबईला. पगार, करार, विमा ही सगळी कागदपत्रं कंपनी तयार करते. शिक्षणाचा पुरावा मात्र ज्याचा त्यानेच उभा करायचा असतो आणि अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडतो. आमच्याकडे मराठी मुलं-मुली पुष्कळ. नोकरी हरियाणात, दूतावास दिल्लीत, आईवडील गावाकडे आणि पदवी देणारं विद्यापीठ आणखी कुठेतरी, अशी त्यांची परिस्थिती. त्यांच्या फायली हाताळताना आणि माझी स्वतःची फाइल तयार करताना जे कळलं, ते इथे लिहिते आहे. ऑफर लेटर हातात पडल्यावर धावपळ सुरू करणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. ते टाळता येतात, म्हणून हे लिहिणं.

१. शिक्का नेमकं काय सांगतो, हे आधी समजून घ्या.

अपोस्टिल, म्हणजे परदेशी वापरासाठी परराष्ट्र मंत्रालय लावतं तो शिक्का, मिळाला म्हणजे आपली पदवी परदेशात मान्य झाली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. अपोस्टिलचा करार हेगमध्ये ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झाला आणि भारतात तो जुलै २००५ पासून लागू झाला. त्या करारानुसार हे प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं, की कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकारपदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. तुम्ही काय शिकलात, किती शिकलात, ते त्या देशाच्या पदवीच्या तोडीचं आहे का, यांतलं काहीही ते सांगत नाही. परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या अधिकाऱ्याची सही ओळखतं, राज्याचा अधिकारी विद्यापीठाची सही तपासून घेतो. प्रत्येक जण आपल्या आधीच्या माणसापुरती ग्वाही देतो. म्हणून सगळा भार अखेर विद्यापीठाच्या नोंदवहीवर येऊन पडतो. तिथली नोंद स्वच्छ असेल तर पुढचं सारं नुसतं रांगेत उभं राहण्याचं काम आहे. तिथेच गोंधळ असेल तर दिल्लीतला कोणताही एजंट तुमच्या कामाचा नाही.

२. देश ठरल्याशिवाय एकही शिक्का घेऊ नका.

संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत हेग करारात नाहीत. तिथे जायचं तर राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय, अशी पूर्ण साखळी लागते. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मित्राचा सल्ला आज चालेलच असं नाही.

जर्मनीच्या बाबतीत तर आमच्याकडे सर्रास पैसे वाया जातात. जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतल्यामुळे या दोन देशांदरम्यान अपोस्टिल लागूच होत नाही. तरीही उत्साहाने पदवीच्या पाठीमागे ते चिकटवून आणलेली मुलं मला भेटतात. जर्मनीला हवी असते ती तुलना. 'अनाबिन' नावाच्या त्यांच्या सरकारी माहितीसाठ्यात तुमचं विद्यापीठ 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, दर्जाचं आहे का आणि तुमच्या पदवीचा प्रकार तिथे नोंदलेला आहे का, या दोन्ही गोष्टी पाहायच्या आणि दोन्हींची छापील प्रत अर्जाला जोडायची. पदवी तिथे सापडली नाही, तर परदेशी शिक्षणासाठीच्या बॉनच्या केंद्रीय कार्यालयाकडून तुलनेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं. संगणक क्षेत्रातल्यांसाठी एक वेगळी वाटही आहे. नोव्हेंबर २०२३ पासून, गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा योग्य पातळीचा अनुभव असेल, तर पदवीशिवायही ब्लू कार्डचा, म्हणजे तिथे राहून काम करण्याच्या परवान्याचा, अर्ज करता येतो. पगाराची अट अर्थातच राहते.

सिंगापूरची रीत आणखी निराळी. १ सप्टेंबर २०२३ पासून तिथल्या एम्प्लॉयमेंट पासच्या नव्या अर्जात दाखवलेली पदवी त्रयस्थ पडताळणी संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. ती संस्था विद्यापीठाला विचारते आणि विद्यापीठाला उत्तर द्यावं लागतं.

३. पदवी महाराष्ट्राची, तर सहीसुद्धा महाराष्ट्राची.

गुरुग्रामच्या राजीव चौकाजवळच्या लघु सचिवालयाबाहेर नोटरींची टेबलं असतात. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नक्कल खरी असल्याचा शिक्का, ही सगळी कामं तिथे होतात. त्यामुळे इथे राहणाऱ्याला वाटतं, पदवीचंही इथेच होईल. होत नाही. शैक्षणिक कागद ज्या राज्यात दिला गेला, त्या राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचीच सही त्यावर लागते. तुम्ही हरियाणात किती वर्षं राहता, याचा इथे संबंध नाही.

त्यापुढचा टप्पा परराष्ट्र मंत्रालयाचा. दिल्लीत पतियाळा हाउसच्या कार्यालयात स्वतः जाऊन कागद देण्याची सोय २०१२ मध्ये बंद झाली. तेव्हापासून मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फतच कागद घेतले जातात. २०१९ पासून हे काम देशातल्या इतर शहरांतही होतं, त्यांत मुंबई आणि पणजीही आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, की कागद महाराष्ट्रातच आहेत तर सगळं तिकडेच उरकून घ्या. मूळ पदवी कुरिअरने इकडून तिकडे फिरवू नका. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, त्यावर नेमलेल्या संस्थेची थोडी फी. हे माहीत असलं, की 'मॅडम, दो दिन में हो जाएगा' म्हणत हजारो रुपये सांगणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते कळतं.

४. पासिंग सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे.

आपल्याकडे शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पासिंग सर्टिफिकेट मिळालं की नोकरी लागते, आणि पदवीप्रदानाचा अर्ज भरायचा राहून जातो. भारतातल्या कंपन्या त्यावाचून अडत नाहीत. परदेशी दूतावास अडतो. त्यांना विद्यापीठाने प्रदान केलेली पदवीच लागते, तात्पुरतं प्रमाणपत्र चालत नाही. दहा-बारा वर्षं नोकरी केलेली हुशार माणसं या एका कागदासाठी विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडून बसलेली मी पाहते, तेव्हा वाईट वाटतं. परीक्षा झाली, निकाल लागला, की लगेच तो अर्ज भरा. परदेशी जाण्याचा विचार नसला तरी भरा.

५. तुमची पदवी नेमकी कोणत्या विद्यापीठाची, हे महाविद्यालयाच्या नावावरून ठरवू नका.

मी ज्या फायली पाहते त्यांतला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग हाच आहे. महाराष्ट्रातली विद्यापीठं वेळोवेळी विभागली गेली आणि त्यांची नावंही बदलली. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं. त्याआधी खानदेशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाकडे होती. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं; त्याआधी तिथल्या मुलांच्या पदव्या औरंगाबादहून येत. सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं, त्याआधी सोलापूर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होतं. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, आधी तो भाग नागपूरकडे. डॉक्टर आणि परिचारिकांचं तर विचारूच नका. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये झालं, त्याच्या आगेमागे शिकलेल्या सख्ख्या भावंडांच्या पदव्या दोन वेगळ्या विद्यापीठांच्या असू शकतात. अभियांत्रिकीत लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेल्या काही वर्षांत अनेक महाविद्यालयं गेली. पुण्याचं सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, पण त्याआधी तिथे शिकलेल्यांची पदवी पुणे विद्यापीठाचीच.

आता यात नावं मिळवा. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार जानेवारी १९९४ चा. नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये मिळालं, पुण्याला सावित्रीबाई फुले यांचं २०१४ मध्ये, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं २०१८ मध्ये, सोलापूरला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं २०१९ मध्ये. या नावांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण दूतावासात बसलेल्या अधिकाऱ्याला पदवीवर एक नाव दिसतं, संकेतस्थळावर दुसरं. ही दोन्ही एकाच संस्थेची नावं आहेत, हे त्याला कसं कळावं? अशा वेळी पूर्वीच्या आणि आताच्या नावाचा उल्लेख असलेलं विद्यापीठाचं पत्र मागून घ्यावं आणि अर्जाला जोडावं. परदेशी यादीत शोधतानाही दोन्ही नावांनी शोधावं. शहरांचंही तेच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि आमचं गुडगाव २०१६ मध्ये गुरुग्राम झालं. जुन्या अनुभवपत्रावर गुडगाव आणि नव्या पगारपत्रकावर गुरुग्राम असेल, तर अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ लिहून टाकावी. प्रश्न येण्याची वाट पाहू नये.

६. नाव ही मराठी माणसाची सगळ्यांत मोठी अडचण आहे, विशेषतः मराठी बाईची.

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. अलीकडच्या गुणपत्रिकांवर आईचंही नाव असतं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव यांचे स्वतंत्र रकाने असतात. भारतीय कारकुनाला हे समजतं. परदेशी अधिकारी पहिला शब्द नाव समजतो आणि शेवटचा आडनाव, मग त्याच्या लेखी गुणपत्रिका दुसऱ्याच कोणाची तरी होते. 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र इथे उपयोगी पडतं, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा एकत्रित उतारा, घेताना पासपोर्टप्रमाणे नाव कंसात लिहून मागणं. बरीच विद्यापीठं अर्जात तशी विनंती केली तर देतात.

स्पेलिंगही जुळलं पाहिजे. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत 'डी'पासून सुरू करतो, इथे उत्तरेत 'जी'पासून लिहितात. गुरुग्रामच्या भाडेकरारावर आणि पोलीस पडताळणीवर कारकुनाने स्वतःच्या सवयीने लिहिलेलं स्पेलिंग पुढे पदवीशी जुळत नाही. सही करण्याआधी प्रत्येक कागदावरचं आपलं नाव अक्षर अक्षर वाचा.

लग्न झालेल्या बाईचं नाव एका जागी बदलत नाही. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत अजूनही पहिलं नावही बदलतात. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. त्यामुळे अर्जात शिक्षणाच्या पुराव्याइतकीच जाडी विवाह नोंदणीच्या कागदांना आली. ज्यांचं पहिलं नावही बदललं आहे, त्यांनी राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. इकडे राहणाऱ्यांना भारत सरकारच्या राजपत्राचाही मार्ग आहे, त्याचं काम दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधल्या प्रकाशन विभागात चालतं. आणि ज्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत त्यांना मी मोकळेपणाने सांगते: शिकलात ज्या नावाने, त्याच नावाने राहा. कायद्याने नाव बदलण्याची कोणतीही सक्ती नाही. घरच्यांना समजावून सांगावं लागलं तर सांगा, पण आपल्या पदवीपासून आपलं नाव तोडू नका.

७. तीन वर्षांची पदवी असेल तर अनुभवाचे कागद पदवीइतकेच जपा.

बी.ई., बी.टेक. झालेल्यांना हा प्रश्न येत नाही. बी.कॉम., बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्यांना अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या वेळी येतो, कारण तिथली पदवी चार वर्षांची असते. तिथल्या नियमांत एक तरतूद आहे: कमी पडणाऱ्या एका वर्षाच्या शिक्षणाच्या जागी तीन वर्षांचा, त्याच विषयातला, वाढत्या जबाबदारीचा अनुभव धरता येतो. पण तो अनुभव पत्रांनी सिद्ध करावा लागतो, आणि आपल्याकडची अनुभवपत्रं दोन ओळींची असतात. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली होती.' एवढ्याने काहीच साधत नाही. काय काम केलं, कोणती साधनं वापरली, हाताखाली कोण होतं, हे सगळं त्यात यायला हवं. नोकरी सोडतानाच साहेबांकडून तसं पत्र घ्या. पाच वर्षांनी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते आणि साहेबही सापडत नाहीत.

८. प्लास्टिकमध्ये काहीही बंद करू नका.

पदवी लॅमिनेट करण्याची आपल्या घरांतली सवय मोडायला हवी. शिक्का आणि स्टिकर कागदाच्या मागच्या बाजूला लागतो. प्लास्टिकवर तो लावत नाहीत. सोलून काढताना कागद फाटतो. साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

९. आईवडिलांना खेटे घालायला लावण्याआधी त्यांच्या हातात पूर्ण कागद द्या.

मुलगा गुरुग्रामला, म्हणून वडील विद्यापीठात जातात. परभणीजवळच्या गावातून नांदेडच्या विष्णुपुरीला एसटीने जाणारे, खिडकीवर 'अधिकारपत्र आहे का?' असं विचारल्यावर परत येणारे वडील मला फोनवर भेटले आहेत. 'ताई, पोराची नोकरी जाईल का?' असं त्यांनी विचारलं. नोकरी गेली नाही. पण तो फोन माझ्या मनातून जात नाही, आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला घरी पाठवायच्या कागदांची यादी देते. मुलाच्या सहीचं अधिकारपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांच्या छायाप्रती, परीक्षा क्रमांक, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) आणि शुल्क भरल्याची पावती. आधी ऑनलाइन अर्ज, मग प्रवास. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्टचं पाकीट मोहोरबंद करून दिलं असेल तर ते घरी कोणीही उघडू नये. उघडलेलं पाकीट पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या परदेशी संस्था परत पाठवतात.

डिजिलॉकरवर पदवी असेल तर भारतात ती मूळ कागदाइतकीच वैध आहे आणि पडताळणीला मोठी मदत होते. पण जुन्या वर्षांच्या पदव्या तिथे नेहमी सापडत नाहीत, आणि अनेक दूतावास अजून कागदच मागतात. दोन्ही ठेवा.

१०. खोट्याच्या जवळही जाऊ नका, आणि खोटं करणाऱ्यांची किंमत आपण मोजतो आहोत हे लक्षात ठेवा.

हिमाचलमधल्या सोलनच्या मानव भारती विद्यापीठावर हजारो बनावट पदव्या विकल्याचा आरोप झाला आणि २०२० मध्ये पोलिसांनी त्याचा तपास सुरू केला. अशा प्रत्येक प्रकरणानंतर प्रामाणिक अर्जदाराची तपासणी अधिक कडक होते. गुरुग्राममध्येही 'गुणपत्रिकेत एवढंसं दुरुस्त करून देतो' म्हणणारे भेटतात. त्यांना दारात उभं करू नका. अमेरिकेच्या कायद्यानुसार व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत बंदी येते. आणि एजंटमार्फत अपोस्टिल घेतलं असेल, तर त्याचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घालून स्वतः तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

११. पडताळणीचा ईमेल विद्यापीठात कोण वाचतो, ते शोधून ठेवा.

सिंगापूरची पडताळणी असो किंवा आखाती देशांतल्या परिचारिकांसाठी डेटाफ्लो या पडताळणी संस्थेकडून होणारी तपासणी असो, शेवटी प्रश्न विद्यापीठालाच जातो. परिचारिकांच्या बाबतीत महाराष्ट्र परिचर्या परिषदेलाही. आमच्या एका मुलीची सिंगापूरची जागा केवळ या उत्तराची वाट पाहण्यात गेली. विद्यापीठाचं नाव मी घेत नाही. गुण चांगले होते, कागद खरे होते, नोकरी देणाऱ्याने मुदत वाढवूनही दिली होती. ईमेल मात्र परीक्षा विभागाच्या कोणत्या पत्त्यावर जातो आणि कोण पाहतो, हे तिथे कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून मी अर्ज करण्याआधीच विद्यापीठात फोन करायला सांगते. पडताळणी कोणत्या कक्षात होते, शुल्क किती, ईमेल कोणता, उत्तर किती दिवसांत येतं, हे लिहून घ्यायचं आणि पडताळणी संस्थेला तोच पत्ता द्यायचा.

महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे येणारा पडताळणीचा प्रत्येक ईमेल म्हणजे तुमच्याच एका विद्यार्थ्याची अडलेली नोकरी असते. त्यासाठी एक वेगळा कक्ष ठेवा, एकच पत्ता जाहीर करा, उत्तराची मुदत ठरवून ती संकेतस्थळावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा, आणि विद्यापीठाचं जुनं व नवं नाव सांगणारं पत्र कोणालाही एका अर्जावर मिळेल असं करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. कुलगुरूंनी एक परिपत्रक काढलं तर हे या वर्षीच होऊ शकतं.